दोनशे बारा स्थळं आणि एक स्वस्तिक

"माणसाने आयुष्यात एकदा तरी सगळं मुळापासून पुसून टाकावं आणि नव्याने सुरुवात करावी," असं नंदकुमार महाजन यांनी खंडेनवमीच्या सकाळी जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. पण सांगताना उजवा हात असा वर होता, की समोर एकट्या शोभाबाईंच्या जागी हजारभर माणसं असती तरी त्याला कमीच पडली असती.

"मग आधी मिशीला लागलेलं दही पुसा," शोभाबाई म्हणाल्या.

पुसायचं होतं ते नंदकुमारांचं आयुष्य नव्हे. त्यांच्या आयुष्यात पुसण्यासारखं काही घडलंच नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी अभिलेखागारात दुसऱ्यांच्या आयुष्यांचे गठ्ठे बांधले आणि सोडले. पुसायचा होता तो कॉम्प्युटर. बऱ्हाणपूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. जिल्हा झाल्यावर गावात काय काय होणार याची जी मोठी यादी लोकांनी केली होती, तिच्यातलं त्यांना दिसलं ते एवढंच, की जिथे तिथे टेबलांवर कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यावर प्लास्टिकची कव्हरं पडली. नंदकुमारांनी निवृत्तीनंतर घरी कॉम्प्युटर घेतला आणि त्याचं कव्हर काढलं. त्यांच्या राजपुरा पेठेत एवढ्यानेही माणूस तज्ज्ञ ठरतो. समाजाच्या मंडळाने एकमताने परिचय-पुस्तिकेचं काम त्यांच्या गळ्यात घातलं.

परिचय-पुस्तिका म्हणजे समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची यादी. नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी, वर्ण, मामाचं गाव. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी मेळावा, त्यात प्रकाशन. एकशे एकवीस मुलगे आणि एक्क्याण्णव मुली, एकूण दोनशे बारा स्थळं. या दोन आकड्यांमधला फरक हाच खरं तर समाजाचा मुख्य प्रश्न होता. पण मंडळाने त्यावर पुस्तिका हा उपाय काढला होता.

आता हेच काम दुसऱ्या कोणी केलं असतं तर लोकांनी जे लिहून दिलं ते त्याने उतरवून घेतलं असतं आणि समाज सुखात राहिला असता. पण अभिलेखागारातल्या माणसाला एक दुर्धर व्याधी जडलेली असते: तो पुरावा मागतो. नंदकुमारांनी वयासाठी शाळेचा दाखला मागितला. उंचीसाठी स्वतःच्या बैठकीच्या दाराच्या चौकटीवर फुटा-इंचांच्या खुणा केल्या आणि मुलांना चपला काढून तिथे उभं केलं. एका उमद्या जवानाची उंची त्या चौकटीत दीड इंच कमी भरली आणि त्याच्या वडिलांनी चौकटच वाकडी असल्याचा आरोप केला. वर्णाच्या खान्यात बापलोक सरसकट 'गोरा' लिहीत म्हणून नंदकुमारांनी रंगाच्या दुकानातून शेडकार्ड आणलं. ते त्यांनी एकदाच वापरलं. एका मुलीच्या आईने, मंगलाबाईंनी, ते त्यांच्याच अंगावर फेकल्यावर मात्र 'वर्ण' हा खाना "प्रत्यक्ष भेटीत पाहावा" असा शेरा मारून बंद करण्यात आला.

असे अकरा महिने गेले, पण यादी झाली. जिच्यातलं एकही अक्षर खोटं नाही अशी समाजाच्या इतिहासातली ती पहिली यादी होती, असं ते स्वतः म्हणत. आणि या यादीपायी त्यांची सख्खी मोठी बहीण त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती.

बहीण म्हणजे दापोऱ्याच्या मालूबाई. केळीचा बाग, घरात चार म्हशी आणि विमल नावाची लेक, बऱ्हाणपूरच्या एका शाळेत गणित शिकवणारी. मालूबाईंनी लेकीच्या फॉर्मवर वय लिहिलं होतं सव्वीस. नंदकुमारांनी ते लाल शाईने खोडलं आणि तीस केलं. "ताई, ही जन्मली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात मीच बसलो होतो," असं वर समजावूनही सांगितलं. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालूबाई माहेरी आल्या नाहीत. आखाजीला बहीण न येणं म्हणजे काय, हे तापीकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी एवढंच समजावं, की घरात पुरणाचे मांडे झाले आणि कोणी जेवलं नाही.

तर मूळ मुद्दा कॉम्प्युटरचा. तो बिघडला शेजारच्या मोतीलालशेठमुळे. मोतीलालशेठ कापडाचे व्यापारी आणि सल्ल्याचे दाते. त्यांनी पेनड्राइव्हमधून साडेतीनशे भजनं आणली आणि "नंदूभाऊ, तुमच्या मशीनमध्ये भरून ठेवा, पुण्य लागेल," म्हणून घातली. भजनांबरोबर व्हायरस आला. त्या दिवसापासून कॉम्प्युटर असा सुस्तावला, की बटण दाबून नंदकुमारांनी आंघोळ, पूजा आणि नाश्ता उरकावा, तरी पडद्यावर नुसतं घड्याळ फिरत असायचं.

"मी सांगू का?" मोतीलालशेठ म्हणाले. हे ते नेहमी विचारत. उत्तरासाठी थांबत मात्र नसत. "त्याचं तोंड दक्षिणेला आहे. उत्तरेला करा."

तोंड उत्तरेला केलं. आता घड्याळ उत्तरेकडे पाहून फिरू लागलं.

"मग फॉर्मेट मारा," मोतीलालशेठ म्हणाले. "माझ्या साल्याने मारला. मशीन एकदम नवीन नवरीसारखी झाली."

फॉर्मेट मारणारा माणूस बुधवारा पेठेत होता. लीलाधर. वय बावन्न. त्याच्या दुकानाच्या पाटीवर आधी 'रेडिओ' होतं, मग त्यावर रंग देऊन 'टी.व्ही.' आलं, मग 'व्ही.सी.आर.', आणि आता 'कॉम्प्युटर'. जुना प्रत्येक शब्द रंगाखालून डोकावत होता, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला लीलाधर नेमकं काय दुरुस्त करतो ते कळत नसे. जवळून पाहणाऱ्यालाही कळत नसे. त्याने येऊन डब्यावर पेचकसाच्या मुठीने दोनदा ठोकलं, कान लावला आणि निदान केलं.

"साहेब, सगळं साफ करावं लागीन. हार्डडिस्क कोरी करून विंडोज नव्याने टाकू. तुमचा डेटा आहे ना कुठे काढून ठेवलेला?"

या प्रश्नाने नंदकुमार दुखावले. एकतीस वर्षं अभिलेख सांभाळलेल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे पुजाऱ्याला 'देव कुठे ठेवलात' विचारण्यापैकी होता. त्यांनी नवमीच्या दुपारी लीलाधरच्या देखत सगळी यादी एका सीडीवर उतरवली, सीडीच्या तोंडावर मार्करने ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मूळ अभिलेख. हात लावू नये', आणि ती देवघराच्या फळीवर ठेवली. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

आता, फॉर्म कुठे गेले असं कोणी विचारील. ते कागदी फॉर्म नंदकुमारांनी श्रावणातच रद्दीत घातले होते. नोंद कॉम्प्युटरमध्ये चढली, की मूळ कागदाचं रीतसर विनष्टीकरण करावं, हे त्यांचं नोकरीतलं अपुरं राहिलेलं स्वप्न होतं. तिथे वरून मंजुरी कधी आली नाही. घरी त्यांनी स्वतःच मंजुरी दिली, स्वतःच पंचनामा केला आणि शोभाबाईंची पंच म्हणून सही घेतली. पुढे महिनाभर राजपुऱ्यात मावाजिलेबी कोणाच्या ना कोणाच्या बायोडाट्यात गुंडाळून येत होती. मोतीलालशेठनी एकदा तुपाने पारदर्शक झालेला कागद आणून दाखवला होता. "मुलगी बी.कॉम. आहे, पाहा. आणि जिलेबी गरम आहे."

दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. पंचांग पाहायला लागत नाही. नंदकुमारांनी ठरवलं, की नव्या सुरुवातीला याहून चांगला दिवस नाही. लीलाधरला दुपारी दोनचं बोलावणं गेलं. सकाळी शोभाबाईंनी रिवाजाप्रमाणे हत्यारांची पूजा मांडली. विळी, कात्री, खलबत्ता, नंदकुमारांचं निवृत्तीत मिळालेलं पेन, आणि या वर्षी नवं म्हणून ती सीडी. सगळ्यांवर हळदकुंकू, अक्षता, आपट्याची पानं, झेंडूचं फूल. उदबत्ती ओवाळली. नंदकुमारांनी नमस्कारही केला; डोळे मिटून केला, हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

दोन वाजता लीलाधर आला. मोतीलालशेठ न बोलावता आले. निळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. मशीनने विचारलं, की सगळं पुसलं जाईल, नक्की?

"नक्की ना साहेब?" लीलाधरनेही विचारलं.

"मुळासकट," नंदकुमार म्हणाले आणि हात परत वर गेला.

लीलाधरने बटण दाबलं. एक पिवळी पट्टी डावीकडून उजवीकडे मुंगीच्या चालीने सरकू लागली. चाळीस टक्के झाले आणि लाईट गेली. ती रोजच जायची. पण आज दसरा आहे हे तिच्या लक्षात राहील अशी नंदकुमारांची उगीचच समजूत होती. पावणेदोन तासांनी ती आली. पुन्हा पट्टी, पुन्हा शून्यापासून. मग विंडोज बसवताना मशीनने पंचवीस अक्षरांचा परवाना क्रमांक मागितला. तो डब्याच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर होता, आणि त्या कागदावर गेल्या दोन दसऱ्यांचं हळदकुंकू होतं.

"ही बी आहे की आठ?" लीलाधर बॅटरी मारून पाहत होता.

"बाजूला व्हा," नंदकुमार म्हणाले. आयुष्यभर वाळवी लागलेले दस्तऐवज वाचलेला माणूस तो. त्यांनी भिंग आणलं, ओलं फडकं फिरवलं आणि एकेक अक्षर सांगितलं. पंचविसांतली तेवीस बरोबर आली. उरलेल्या दोन अक्षरांसाठी एकोणीस वेळा प्रयत्न करावा लागला. विसाव्याला मशीनने हार मानली. तो दुपारचा एकमेव विजय होता, म्हणून त्याची इथे नोंद केली.

मग नव्या नवरीसारख्या झालेल्या मशीनमध्ये सीडी घालायची वेळ आली. नंदकुमारांनी देवघरातून ती दोन्ही हातांनी आणली. लीलाधरने घेतली, उलटी केली आणि तशीच त्यांच्यापुढे धरली.

मागच्या चकचकीत बाजूवर, मध्यापासून काठापर्यंत, कुंकू आणि तेल कालवून काढलेलं एक सुरेख स्वस्तिक होतं. त्याच्या चार घरांत चार हळदीचे ठिपके. एक अक्षता अजून चिकटलेली होती.

"शोभा," नंदकुमार म्हणाले. आवाज इतका शांत होता, की मोतीलालशेठ उठून उभे राहिले.

"काय हो?"

"स्वस्तिक या बाजूला का काढलंस?"

"मग कुठे काढणार?" शोभाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "त्या बाजूला तुम्ही लिहिलंय ना. लिहिलेल्यावर कुंकू कसं लावू? अक्षर म्हणजे सरस्वती. ही बाजू कोरी होती."

शास्त्राप्रमाणे त्यांचं बरोबर होतं.

लीलाधरने फडक्याने पुसून सीडी आत घातली. आतून अक्षता दळल्यासारखा आवाज आला. बाहेर काढली. शोभाबाईंनी चूक दुरुस्त करायची म्हणून ती नेली आणि देवाची तांब्याची भांडी जशी घासतात तशी चिंच आणि राखेने घासून आणली. लखलखीत झाली. तिच्यावर आता काहीच नव्हतं. स्वस्तिकही नव्हतं आणि दोनशे बारा स्थळंही.

"मी सांगू का?" मोतीलालशेठ म्हणाले. "दंतमंजन लावा."

"तुम्ही घरी जा," नंदकुमार म्हणाले. पंधरा वर्षांच्या शेजारात त्यांनी मोतीलालशेठना पहिल्यांदाच सल्ला दिला होता.

तेवढ्यात त्यांना आठवलं. भाद्रपदात त्यांनी यादीची आणखी एक सीडी केली होती! तिच्यात दोनशे नावं तरी असतील. कपाटात शोधली, टेबलाखाली शोधली.

"ती होय," शोभाबाई म्हणाल्या. "ती आणि माझ्या जुन्या भजनांच्या फुटक्या पाच-सहा, गणपतीत कौतिकराव आले होते ना, त्यांना दिल्या. ज्वारीवर पाखरं फार बसतात म्हणत होते. चमकतं म्हणून बांधतात वावरात."

कौतिकराव म्हणजे मालूबाईंचे यजमान. म्हणजे समाजाचा मूळ अभिलेख दापोऱ्याच्या वावरात पाखरं हाकत होता, आणि वावराच्या मालकीण आखाजीपासून त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

पण दसऱ्याला एक सोय आहे. सोनं द्यायला कोणाच्याही दारात जाता येतं. नंदकुमारांनी आपट्याची पानं खिशात घातली, मोपेड काढली आणि दिवस मावळायच्या आत दापोऱ्याला पोचले. मालूबाई ओट्यावर बसल्या होत्या. भावाला पाहून त्या उठल्या, पदर सावरला आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"आला का रे नंदू! मी ह्यायले सांगत होती, की यंदा तो येईनच. रक्ताचं माणूस कुठे जाते?"

नंदकुमारांनी सोनं दिलं, वाकून पाया पडले. वाकल्या जागेवरूनच त्यांना ओट्यापलीकडची ज्वारी दिसली. बांधावरच्या दोरीवर सहा-सात सीडी मावळतीच्या उन्हात गरगर फिरत होत्या. एकीवर त्यांचं अक्षर होतं. त्यांची मान तिकडेच राहिली.

"काय पाह्यतो?"

"काही नाही ताई. ती तिसरी सीडी... तेवढी सोडून देतेस का?"

मालूबाईंनी भावाच्या डोक्यावर आशीर्वादासाठी हात ठेवला होता. तो त्यांनी काढून घेतला.

"म्हणजे तू सोनं द्याले नाही आला. त्या चकतीसाठी आला."

नंदकुमारांनी खोटं बोलावं असा तो क्षण होता. पण सवय नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं: फॉर्मेट, स्वस्तिक, चिंच. कौतिकरावांनी दोरी सोडून सीडी आणली. महिनाभर ऊन, दव आणि एका पोपटाने तिच्यावर काम केलेलं होतं. आरपार ज्वारी दिसत होती.

मालूबाई मात्र ऐकता ऐकता हळूहळू सरळ बसत गेल्या.

"म्हणजे सगळ्यायचं पुसलं गेलं?"

"सगळ्यांचं."

"वय भी?"

"वय, उंची, सगळं."

"देव पावला वो माय!" मालूबाईंनी मावळत्या सूर्यालाच हात जोडले. मग भावाकडे वळल्या. "आता पाह्य नंदू. आता नव्याने लिहिशीन ना? विमलचं सव्वीस लिही. पुस्तिका छापाले द्यायच्या आधी मी येऊन तो खाना पाह्यीन. सव्वीस दिसलं तर भाऊबीजेले तुले ओवाळीन. तीस दिसलं तर मले भाऊ नाही, असं समजीन."

त्या वर्षी समाजात एकच बातमी दसऱ्याच्या शुभेच्छांपेक्षा वेगाने फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदकुमारांच्या दारात माणसं आली. ती शिव्या द्यायला आली असतील म्हणून नंदकुमारांनी चेहरा अपराधी करून दार उघडलं, तर सगळे प्रसन्न. कोणी पेढे आणले होते. अकरा महिने ज्यांच्याकडून फॉर्म मिळवायला नंदकुमारांनी जोडे झिजवले, ते आता स्वतःहून दोन दिवसांत भरून देत होते. मंगलाबाई तर म्हणाल्या, "भाऊ, झालं ते चांगल्यासाठी झालं."

छापखान्याला मजकूर वसुबारसेला द्यायचा होता. मध्ये सतरा दिवस. पुन्हा दाखले तपासायला वेळ नव्हता. उंची तरी मोजू म्हणून नंदकुमार चौकटीकडे वळले, तर शोभाबाईंनी दिवाळीचा ऑइलपेंट कालच लावून घेतला होता. एकही खूण शिल्लक नव्हती. मंडळाने तातडीची सभा घेऊन ठराव केला, की "माहिती येईल तशी घ्यावी, संपादकांनी शंका काढू नयेत." ठराव अनुमोदनासाठी ठेवला तेव्हा एकशे चार हात वर गेले. समाजाचं एवढं एकमत कशावरच झालं नव्हतं.

आणि समाज खरोखरच नव्याने सुरू झाला. चौतीस वर्षांचे मुलगे एकतीस वर्षांचे झाले. तो जवान एका रात्रीत दीड इंच वाढला आणि वर अर्धा इंच व्याज म्हणून घेऊन आला. दुकानात बसणारे 'व्यवस्थापक' झाले, दुकानाबाहेर बसणारे 'स्वतंत्र व्यवसाय' करू लागले. मुली तर तीन-तीन वर्षं मागे गेल्या. एक इतकी मागे गेली, की हिशेबाने तिने चौथीत असताना बी.ए. केलं होतं. नंदकुमार हे सगळं टाइप करत होते. लीलाधरच्या नव्या विंडोजमध्ये मराठी अक्षरं आधी चौकोनी येत होती. ती दुरुस्त झाल्यावर, चौकोन बरे होते असं त्यांना वाटू लागलं.

टाइप करायला शाळा सुटल्यावर विमल येऊ लागली. आईचा अबोला तिने आपल्या अंगाला लावून घेतलेला नव्हता. ती फॉर्म वाचून दाखवायची, मामा बोटं चालवायचे. मामांची बोटं दुखली, की ती बसायची.

"मामा, हे ऐका. 'स्वभाव: अत्यंत सुस्वभावी.' आणि खाली बापाने सही करता करता कागद फाडलाय."

"लिही," नंदकुमार कडवटपणे म्हणत. "शंका काढायची नाही."

दोनशे अकरा स्थळं झाली. एका स्थळाचा एकच खाना मोकळा राहिला. मुली, क्रमांक सत्तेचाळीस, कुमारी विमल, वय... आणि तिथे कर्सर लुकलुकत राहिला. तीस लिहावं, तर एक्क्याण्णव मुलींत खरं वय असलेली एकटी तीच, म्हणजे सगळ्यांत थोराड. शिवाय बहीण कायमची गेली. सव्वीस लिहावं, तर बाकीच्यांचं खोटं मंडळाच्या ठरावाने लिहिलं असं म्हणता येत होतं, हे मात्र स्वतःच्या हाताने. एकतीस वर्षांत एक आकडा न बदललेला माणूस सतरा दिवस एका चौकोनापुढे बसून होता. त्यांनी विमललाच विचारलं, काय लिहू. ती म्हणाली, "थांबा जरा मामा. वसुबारसेपर्यंत वेळ आहे ना?"

वसुबारसेच्या संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, दारात रिक्षा थांबली आणि मालूबाई उतरल्या. आखाजीनंतर पहिल्यांदाच माहेरच्या उंबऱ्यात पाऊल पडत होतं, ते तपासणीसाठी. त्यांनी शोभाबाईंचा चहा नाकारला, खुर्ची ओढून भावाच्या पाठीमागे घेतली आणि पडद्याकडे तोंड करून बसल्या. मोतीलालशेठ हे कळल्यासारखे आलेच. छापखान्याचा माणूस अर्ध्या तासात येणार होता.

"हं," मालूबाई म्हणाल्या. "लिही."

नंदकुमारांनी घसा साफ केला. हात वर गेला. "ताई, अभिलेख ही एक पवित्र गोष्ट आहे. आज मी जो आकडा..."

"मामा," विमल म्हणाली, "तो खाना राहू द्या. माझं नावच पुसून टाका."

नंदकुमारांचा वर गेलेला हात खाली आला.

"आणि मुलग्यांतलं अठ्ठ्याऐंशी नंबरचं पण पुसा. दोघांचं एकदमच."

अठ्ठ्याऐंशी म्हणजे शहापूरचा श्रीकांत, टपाल खात्यात. नंदकुमारांना तो लगेच आठवला. पहिल्या वेळेला सांगायच्या आधीच चपला काढून चौकटीला पाठ लावून उभा राहिलेला एकमेव मुलगा.

"सगळे फॉर्म मी वाचले ना मामा," विमल म्हणाली. "दोनशेच्या वर माणसांनी काही ना काही कमीजास्त केलं. याने एकट्याने पहिलंच पुन्हा लिहून पाठवलं. वय चौतीस. उंची पाच-तीन. खाली स्वतःहून लिहिलंय, डोक्यावर केस कमी आहेत, आणखी कमी होतील. मला वाटलं, चुकून लिहिलं असेल. पडताळणीला फोन केला."

"किती डाव केला फोन?" मालूबाईंनी विचारलं.

"पडताळणी नीट करायची असते, आई."

"मी सांगू का?" मोतीलालशेठ म्हणाले, पण शोभाबाईंनी त्यांच्या हातात फराळाची ताटली देऊन ते टाळलं.

"ठरलं मंग?" मालूबाईंचा आवाज खाली आला होता.

"काल ठरलं. पाडव्याला त्याच्या घरचे येतील, तुम्ही हो म्हणाल तर."

"त्याले तुझं वय माहीत आहे का?"

"पहिल्याच फोनवर सांगितलं. तीस पुरी."

"मंग काय म्हणे तो?"

"म्हणे, बरं झालं, गणित शिकवता, चौतिसातून तीस गेले किती, हे मला समजावून सांगावं लागणार नाही."

मालूबाईंनी पदराचं टोक डोळ्याला लावलं, आणि हसू आलं म्हणून तेच तोंडाला लावलं. नंदकुमारांच्या मनात बरंच काही दाटून आलं. अकरा महिने पुरावे गोळा केले त्याने एक लग्न जमलं नाही, आणि सगळा समाज एकजुटीने खोटं बोलला तेव्हा जमलं, यावर त्यांना एक मोठं विधान करायचं होतं. हात वर जाऊही लागला. पण आधी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचे दोनशे बारा दोनशे दहा करायला हवे होते. त्यांनी सत्तेचाळिसाव्या ओळीवर बाण नेला. मशीनने विचारलं, की हे पुसलं जाईल, नक्की? साडेतीन मुहूर्तांपैकी एकाला अख्खा कॉम्प्युटर मुळासकट पुसणाऱ्या माणसाचं बोट एका नावावर अडखळलं.

"थांब नंदू," मालूबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि पडद्याजवळ वाकल्या.

"पुसतोच आहे ते पुस. मी काही म्हणत नाही. पण त्याच्या आधी त्या खान्यात एक डाव सव्वीस लिही ना रे भाऊ. मी एकदा पाह्यून घेते, मंग पुस."